रीडिंग कुणी घेतलं?

मावशी कॅन्सरवरचं रेडिएशन घेऊन तळघरातल्या त्या खोलीतून बाहेर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर दुखल्याची, घाबरल्याची, कसलीच खूण नव्हती. पडद्याआड जाऊन तिनं गाऊन उतरवला, साडी नेसली, पदराला पिन लावली आणि दाराशी उभ्या असलेल्या तरुण टेक्नॉलॉजिस्टला विचारलं, “बाळा, रीडिंग कुणी घेतलं?” त्याला वाटलं ती रक्तदाबाबद्दल बोलतेय. “बीपी वरती ओपीडीत बघतात, आजी.” “बीपी नाही रे. आत्ता मला जे दिलंस, ते किती दिलंस त्याचं रीडिंग.” तो हसला, अगदी आपुलकीनं हसला. “सगळं कॉम्प्युटरमध्ये असतं, आजी. तुम्ही टेन्शन घेऊ नका,” म्हणाला आणि पुढचं नाव पुकारलं. मावशी गप्प बसली. पण तिचं गप्प बसणं म्हणजे समाधान नव्हे, हे मला लहानपणापासून माहीत आहे. तिनं दादरच्या एका कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून सगळी नोकरी केली. व्हर्नियर, स्क्रू गेज, मीटर ब्रिज, थर्मामीटर पुसून, मोजून कपाटात लावणारी बाई. प्रत्येक रीडिंग तीनदा घ्यायचं, डोळा काट्याच्या बरोबर समोर ठेवून घ्यायचं, आणि शेजाऱ्याच्या जर्नलमधून उतरवायचं नाही, हे तिनं कित्येक वर्षांच्या पोरांना दरडावून शिकवलेलं. टॅक्सीत बसल्यावर ती म्हणाली, “आत काही झालंच नाही गं. उजेड नाही, चटका नाही. ते मशीन डोक्यावरून फिरलं, जरा घरघर ऐकू आली, आणि म्हणाले झालं. खरंच दिलं का त्यांनी? आणि जास्त दिलं असेल तर मला कधी कळणार?”

मला उत्तर देता आलं नाही. आणि तो प्रश्न डोक्यातून जाईना.

माझं बालपण नायगावात गेलं. भोईवाड्याच्या बाजूनं शाळेत जाताना टाटा हॉस्पिटलच्या आसपासचा फुटपाथ रोज लागायचा. तिथं लांबून आलेली माणसं बिऱ्हाड मांडून असायची. स्टोव्ह, पत्र्याची पेटी, दोरीवर वाळत घातलेलं लुगडं, एक्स-रेचं मोठं पिवळं पाकीट. त्या गर्दीतली एक गोष्ट मात्र नंतर कुठेच दिसली नाही: चेहऱ्यावर, गळ्यावर जांभळ्या रेघा ओढलेली माणसं. कुणाच्या गालावर चौकोन, कुणाच्या कानामागून हनुवटीपर्यंत रेघ आणि मध्ये फुली. घामानं त्या रेघा पसरलेल्या असायच्या. मला त्यांची भीती वाटायची. आई सांगायची, त्या खुणा पुसायच्या नसतात, त्यांना तिथं पाणीसुद्धा लावायला मनाई आहे. का, ते तिलाही ठाऊक नव्हतं. मुंबईच्या मे महिन्यात साबण न लावता, गळ्यावर पाणी न घेता महिनाभर राहायचं म्हणजे काय, हे आता कळतं. ती रेघ म्हणजे त्या माणसाच्या उपचाराचा नकाशा होता, आणि तो नकाशा ठेवायला त्याच्या कातडीखेरीज दुसरी जागाच नव्हती. मावशीच्या अंगावर आता बारीक सुईनं गोंदलेले तीन ठिपके आहेत. तिळापेक्षा लहान. खोलीतल्या भिंतींवरून येणाऱ्या लेझरच्या रेषा त्या ठिपक्यांवर जुळल्या की तिचं शरीर कालच्याच जागी आहे असं समजतात.

तिच्या प्रश्नाचा माग काढताना मी जे वाचत गेले, त्यातलं एक मला आतून हलवून गेलं. रेडिएशनचं पहिलं मोजमाप माणसाच्या अंगावरच झालं. नोव्हेंबर १८९५ मध्ये जर्मनीतल्या व्युर्झबुर्गला राँटगेननी क्ष-किरण शोधले आणि पुढच्या वर्षातच डॉक्टरांनी ते रोग्यांवर वापरायला सुरुवात केली. पण किती द्यायचे? एकक नव्हतं, यंत्र नव्हतं. कातडी लाल होईपर्यंत द्यायचे, हाच हिशोब. त्या लालीलाच मात्रा म्हणत. गोऱ्या कातडीवरची लाली वेगळी, सावळ्या कातडीवरची वेगळी, आणि ती दिसायची काही दिवसांनी, म्हणजे कमी-जास्त झालेलं दुरुस्त करण्याची वेळ निघून गेल्यावर. मावशीची शंका, जास्त झालं तर मला कधी कळणार, ही तेव्हाच्या प्रत्येक डॉक्टरचीही शंका होती.

आणि डॉक्टरांची स्वतःची शरीरं? क्ष-किरणांची नळी रोज सारखी चालत नसे. ती आज कशी चालतेय हे पाहायला पुष्कळ डॉक्टर आणि तंत्रज्ञ सकाळी स्वतःचा हात नळी आणि चमकणाऱ्या पडद्याच्या मध्ये धरत. हाडं किती स्पष्ट दिसतात त्यावरून किरणांचा जोर ठरवत. रोज सकाळी, तोच हात. आधी त्वचा कोरडी पडली, मग भेगा, मग न भरणाऱ्या जखमा, मग बोटं कापावी लागली, मग हात. एडिसनचा सहकारी क्लॅरेन्स डॅली असाच १९०४ मध्ये गेला. जर्मनीत हॅम्बुर्गच्या एका रुग्णालयाच्या आवारात १९३६ मध्ये अशा माणसांचं स्मारक उभारलं, तेव्हा त्यावर १६९ नावं होती. नंतर ती वाढत गेली. ही नावं मी हुतात्म्यांची म्हणून वाचू शकले नाही. मला ती मोजपट्ट्यांची वाटली. यंत्र नव्हतं तोवर ही माणसंच यंत्र होती, आणि त्यांच्या हातांवर उमटलेलं वाचून पुढच्यांना कळलं की किती म्हणजे फार.

तेव्हापासूनची सगळी धडपड मला एका वाक्यात दिसते: मोजण्याचं ओझं माणसाच्या अंगावरून उतरवायचं. १९०२ मध्ये व्हिएन्नाच्या गिडो होल्ट्सक्नेख्टनी किरणांनी रंग बदलणारं मिश्रण वापरून पहिला मात्रामापक केला. १९०४ मध्ये पॅरिसच्या साबुरो आणि न्वारे यांनी बेरियम प्लॅटिनोसायनाइडच्या छोट्या हिरवट टिकल्या आणल्या. टिकली नळी आणि कातडी यांच्या बरोबर मध्ये ठेवायची. ती हिरव्याची पिवळट-तपकिरी झाली की थांबायचं. मुलांच्या डोक्यावरच्या नायट्यासाठी केस गळवायला तेव्हा क्ष-किरण देत, त्यासाठी ही मोजणी होती. आज ते वाचून अंगावर काटा येतो, पण त्या काळात कुणीतरी असं म्हणालं की आता पोराच्या डोक्याची कातडी आधी लाल व्हायची वाट बघायला नको, रंग या टिकलीचा बदलू दे. मला त्यात मोठी माया दिसते. होल्ट्सक्नेख्ट स्वतः मात्र सुटले नाहीत. १९३१ मध्ये ते किरणांनी झालेल्या आजारानंच गेले.

टिकलीचा रंगही शेवटी बघणाऱ्याच्या डोळ्यावर. खरी मोजणी सुरू झाली ती हवेमुळे. किरण हवेतून गेले की हवेचे कण विद्युतभारित होतात. एका छोट्या पोकळीत ठरावीक हवा कोंडायची, दोन टोकांना विजेचा दाब द्यायचा, आणि किरण गेल्यावर किती भार जमा झाला ते मोजायचं. या पोकळीला आयनायझेशन चेंबर म्हणतात. १९२८ मध्ये स्टॉकहोमला जगभरचे तज्ज्ञ जमले आणि याच तत्त्वावर राँटगेन हे एकक पक्कं केलं. म्हणजे शोध लागल्यापासून तेहतीस वर्षं जग हे औषध सर्वमान्य मापाशिवाय देत होतं. पुढे लुई हॅरल्ड ग्रे या इंग्रज भौतिकशास्त्रज्ञानं १९३६ मध्ये दाखवून दिलं की पोकळीतल्या हवेवरून तिच्याभोवतीच्या पदार्थात किती ऊर्जा शोषली गेली ते काढता येतं. हे महत्त्वाचं, कारण आपल्याला हवेतलं नको, शरीरातलं हवं असतं. त्याच्या नावानं १९७५ पासून एकक आहे: एक ग्रे म्हणजे एक किलो पदार्थात एक ज्यूल ऊर्जा. मावशीच्या फाइलवर हे इंग्रजी जी-वाय कुठंकुठं लिहिलेलं असतं.

एक ज्यूल म्हणजे किती थोडं, हे कळल्यावर मी मोबाइल खाली ठेवला. नेहमीच्या उपचारात एका दिवसाला दोन ग्रेच्या आसपास देतात. तेवढ्यानं पेशींचं तापमान अंशाच्या दोन हजाराव्या भागाइतकंच वाढतं. आणि साठ-सत्तर किलोच्या माणसाच्या सर्वांगाला एकदम चार ग्रे मिळाले तर उपचाराविना त्याचा जीव जाऊ शकतो. ती सगळी ऊर्जा गरम चहाच्या एका लहानशा घोटात मावते. ऊर्जेचा आकार इतका, आणि तिनं पेशींच्या आत, डीएनएच्या धाग्यावर केलेलं काम एवढं मोठं. म्हणून इथं अंदाज चालत नाही. आणि म्हणूनच मावशीला आत काहीच जाणवलं नाही. जाणवण्यासारखं काही नव्हतंच.

कातडी ही मोजपट्टी कायमची निकामी झाली ती १९५१ मध्ये, कॅनडात. तिथं कोबाल्ट-६० या किरणोत्सारी धातूची पहिली उपचारयंत्रं सुरू झाली. आधीच्या क्ष-किरणांचा सगळा जोर कातडीवरच पडायचा, आत पोचेपर्यंत तो विरायचा. कोबाल्टच्या गॅमा किरणांचा जोर कातडीच्या अर्धा सेंटिमीटर खाली सर्वांत जास्त असतो. आजच्या लिनियर ॲक्सिलरेटर या क्ष-किरण यंत्राच्या सहा मेगाव्होल्ट किरणांचा दीड सेंटिमीटर खाली. कातडी वाचली, खोलवरच्या गाठीपर्यंत पुरेशी मात्रा पोचू लागली. रोग्याला केवढा दिलासा! पण त्याच घटकेला कातडी साक्षीदार म्हणून बाद झाली. वरून सगळं ठीक दिसेल आणि आत जास्त झालेलं असेल, असं आता होऊ शकत होतं. आता यंत्रावर विसंबण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. न्यूकॅसलच्या फ्रँक फार्मरनं १९५५ मध्ये अंगठ्यापेक्षा बारीक, जेमतेम अर्धा-पाऊण घनसेंटिमीटर हवेचं चेंबर केलं. त्याच घडणीची चेंबर्स आजही जगभर वापरतात.

वेटिंग हॉलमध्ये बसून या सगळ्याचा विचार करताना आजूबाजूचे आवाज कानावर येत राहायचे. “आज माझी अठरावी लाइट.” “आमच्या ह्यांच्या अजून नऊ राहिल्या.” तिथली माणसं आपली ओळखच लाइटच्या, म्हणजे रेडिएशनच्या खेपांच्या, आकड्यानं सांगतात. एक बाई जुन्नरकडच्या, घरून आणलेली शेंगदाण्याची चटणी सगळ्यांना वाटायच्या, स्वतःला मात्र तोंड आल्यामुळे चव लागत नव्हती. एकदम देऊन का टाकत नाहीत, असं त्यांच्या मुलानं मला विचारलं. त्याचंही उत्तर शंभर वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये मेंढ्यांवर मिळालं होतं. क्लॉडियस रेगो या संशोधकानं पाहिलं की एकाच वेळी मात्रा देऊन मेंढा निर्बीज करायचा तर वृषणावरची कातडी जळते, पण तीच मात्रा दिवसांमध्ये विभागली तर कातडी सावरते आणि आतलं काम होतं. निरोगी पेशी रात्रीतून डागडुजी करतात, कॅन्सरच्या पेशींना ते तितकंसं जमत नाही. म्हणजे मात्रा जागेत मोजायची तशी काळातही मोजायची. मी त्या मुलाला हे सांगितलं. त्यानं आईकडे पाहिलं आणि म्हणाला, “म्हणजे रविवारची सुट्टी पण औषधच की.” मला हे इतकं नेमकं सांगता आलं नसतं.

किती द्यायचं हे कळल्यावर पुढचा प्रश्न असतो कुठं. प्लॅनिंगचा. पूर्वी हे हातानं व्हायचं. शिशाची मऊ तार रोग्याच्या छातीवरून वळवून तिचा आकार घ्यायचा, ती तार अलगद उचलून आलेखाच्या कागदावर ठेवायची, पेन्सिलनं बाहेरची रेघ काढायची. त्यावर ट्रेसिंग पेपर, त्याखाली समान मात्रेच्या वक्ररेषांचे छापील तक्ते, आणि मग दोन-तीन दिशांच्या किरणांची बेरीज बिंदूबिंदूला करत बसायचं. अवयव कुठं आहेत ते अंदाजानं. आणि फुप्फुस असो की हाड, सगळं शरीर जणू पाण्याचंच आहे असं धरून.

हीच गोष्ट ॲलन कॉर्मॅक नावाच्या माणसाला खटकली. दक्षिण आफ्रिकेत केपटाउनच्या विद्यापीठात तो भौतिकशास्त्र शिकवायचा. १९५६ मध्ये तिथल्या ग्रूट स्कूर रुग्णालयाचा फिजिसिस्ट सोडून गेला म्हणून काही महिने आठवड्यातला दीड दिवस तो तिथं जाऊ लागला. त्यानं ही प्लॅनिंगची आखणी पाहिली आणि म्हणाला, शरीर आतून एकसारखं नाही, तर आतल्या प्रत्येक जागी किरण किती शोषले जातात ते बाहेरून मोजून काढता यायला हवं. त्यानं त्याचं गणित मांडलं. पडताळायला ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची एक चकती, भोवती लाकूड, आणि बाजूनं गॅमा किरण. उत्तरात चकतीच्या मधोमध काहीतरी वेगळं दिसलं. गणित चुकलं असेल असं कुणालाही वाटलं असतं. चौकशी केली तेव्हा कळलं, चकती बनवणाऱ्या कारागिरानं मध्ये जवळजवळ शुद्ध ॲल्युमिनियमची खुंटी बसवली होती. कॉर्मॅकला ते माहीत नव्हतं, गणिताला कळलं होतं. हे मी मावशीला सांगितलं तेव्हा ती टाळी वाजवून हसली. १९६३ आणि १९६४ मध्ये त्यानं हे छापलं. फारशी कुणी दखल घेतली नाही. स्वित्झर्लंडच्या हिमस्खलन संशोधकांनी मात्र लेखाची प्रत मागवली. पुढे इंग्लंडमध्ये गॉडफ्री हाउन्सफिल्डनं स्वतंत्रपणे यंत्र उभं केलं, १९७१ मध्ये लंडनजवळच्या विम्बल्डनच्या रुग्णालयात पहिल्या रोग्याच्या मेंदूचं चित्र निघालं, आणि १९७९ चं नोबेल दोघांना मिळून मिळालं. सीटी स्कॅन म्हटलं की आपल्याला रोग शोधणं आठवतं. पण त्याच्या मुळाशी असलेल्या दोन वाटांपैकी एक, रेडिएशन नीट कसं द्यावं या चिंतेतून निघाली होती. उपचार सुरू होण्याआधी मावशी सीटीच्या सपाट फळीवर हात डोक्यावर घेऊन झोपली होती. मग तिच्या छातीचे पातळ काप एकेक करून स्क्रीनवर आले आणि डॉक्टरांनी प्रत्येक कापावर गाठ काढलेली जागा, फुप्फुस, हृदय वेगवेगळ्या रंगांनी रेखलं. पुढचं काम कॉम्प्युटर करतो: हृदयाला एवढ्याहून जास्त नको, गाठीच्या जागेला एवढ्याहून कमी नको, असं सांगितलं की किरण कुठून किती सोडायचे ते तो शोधून काढतो.

मुंबई या गोष्टीच्या इतक्या जवळ आहे, हे मुंबईत राहून मला ठाऊक नव्हतं. मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कॅन्सरनं गेल्या, परदेशात उपचार घेऊन. त्यांचे पती दोराबजी पुढच्याच वर्षी गेले, पण त्यांच्या न्यासानं २८ फेब्रुवारी १९४१ ला परळचं टाटा हॉस्पिटल उघडलं. १९६२ मध्ये ते अणुऊर्जा विभागाकडे गेलं, कारण होमी भाभांना दिसत होतं की या रोगाच्या उपचारात किरणोत्साराचा वाटा मोठा असणार. त्याच वर्षी ट्रॉम्बेला रुग्णालयांसाठी भौतिकशास्त्रज्ञ तयार करणारा एक वर्षाचा अभ्यासक्रम सुरू झाला. देशभरच्या कॅन्सर रुग्णालयांची चेंबर्स आजही तपासून घ्यायला ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात येतात. इथलं प्रमाण आंतरराष्ट्रीय प्रमाणाशी जुळवलेलं असतं, म्हणून गुवाहाटीतला ग्रे आणि व्हिएन्नातला ग्रे एकच. याच केंद्रानं भाभाट्रॉन हे देशी कोबाल्ट यंत्र केलं, पहिलं खारघरच्या ॲक्ट्रेक या कॅन्सर संशोधन केंद्रात लागलं, पुढे एक व्हिएतनामलाही भेट गेलं. आणि त्या तरुण टेक्नॉलॉजिस्टच्या छातीवर जो चौकोनी बिल्ला होता, त्यात कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या असतात. त्या किरण साठवून ठेवतात आणि तापवल्यावर उजेड देऊन सगळं सांगून टाकतात. दर तीन महिन्यांनी बिल्ला वाचायला जातो. त्याच्या हातांवर काही उमटू नये म्हणून.

तरीही एक गोष्ट मला सलते, ती लपवत नाही. आत मिलिमीटरचा हिशोब चाललेला असतो आणि बाहेर त्याच उपचाराला आलेलं कुटुंब फुटपाथवर चार फूट जागेसाठी भांडत असतं. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि तशा आणखी काही जागा कित्येकांना आसरा देतात, पण येणाऱ्यांपुढे त्या अपुऱ्याच. प्लॅनमध्ये सगळं धरलेलं असतं: फळीचा उतार, श्वासाची लय, फुप्फुसातली हवा. रोगी रात्री कुठं झोपला, त्यानं काय खाल्लं, हे धरलेलं नसतं. आणि रेगोच्या मेंढ्यांनी शिकवलं ते खरं असेल, तर दिवस चुकणं म्हणजे मात्रा चुकणं. गावी पेरणी आली म्हणून मध्येच निघून गेलेला माणूस आपली मात्रा स्वतःच बदलतो, त्याला कुणी ते नीट सांगितलेलं नसतं. इतकं बारीक मोजायला शिकलेल्या लोकांना हेही मोजता येईल, असं मला मनापासून वाटतं.

मावशीला उत्तर मिळालं ते एका सकाळी. जुलै होता, बाहेर धो धो पाऊस, आणि आम्ही लवकर पोचलो होतो. आधी पोचलेल्या एक बाई ट्रॉलीवरून पांढरट प्लॅस्टिकच्या जाड फळ्या आणि एक छोटी पेटी घेऊन आत निघाल्या होत्या. फिजिक्सच्या मॅडम. मावशीनं त्यांना गाठलंच. “मॅडम, रीडिंग तुम्ही घेता का?” बाई थांबल्या. कोण विचारतंय, का विचारतंय हे कळल्यावर त्यांचा चेहरा असा उजळला की बहुधा त्यांना हे कधी कुणी विचारलंच नसावं. त्यांनी सांगितलं ते असं. मशीनच्या डोक्यातच दोन चेंबर्स आहेत, एकमेकांवर न विसंबणारी. किरण बाहेर पडताना या चेंबर्समधूनच जातात. ठरलेला आकडा भरला की पहिलं चेंबर किरण बंद करतं. ते चुकलं तर दुसरं करतं. म्हणजे मावशी झोपलेली असताना रीडिंग चालूच असतं, एक नव्हे, दोन. आणि ती चेंबर्स तरी खरं सांगतात का, हे पाहायला रोज पहिल्या रोग्याआधी बाहेरून मोजतात. या फळ्या पाण्यासारख्याच वागतात, त्यांत चेंबर खुपसायचं, ठरलेली मात्रा द्यायची आणि किती आली ते बघायचं.

“तापमान आणि दाब घेता?” मावशीनं विचारलं.

बाईंनी तिला भिंतीवरचा बॅरोमीटर दाखवला. चेंबर उघड्या हवेचं असतं. हवा गरम झाली किंवा दाब उतरला की त्या पोकळीत हवेचे कण कमी उरतात आणि रीडिंग कमी येतं, किरण तेवढेच असूनही. मुंबईत पावसाळ्यात दाब खाली असतो. त्या दिवशी १००३ हेक्टोपास्कल होता आणि खोली २३ अंशांवर. दोन्ही मिळून दोन टक्क्यांची दुरुस्ती. हेच चेंबर महाबळेश्वरला नेलं तर रीडिंग १५ टक्क्यांच्या आसपास कमी दिसेल. मावशीनं बॅरोमीटरसमोर उभं राहून, चष्मा सारखा करून, मान जराशी वाकवून काटा वाचला. तिनं वाचलेलं आणि बाईंनी लिहिलेलं जुळलं. बाई म्हणाल्या, कोबाल्टच्या यंत्रावर होते तेव्हा दर महिन्याला वेळ वाढवावी लागे, कारण कोबाल्ट महिन्याला एक टक्क्यानं क्षीण होतो, सव्वापाच वर्षांत निम्मा. मावशी मान डोलावत राहिली. नोकरी सुटल्यापासून तिला असं कुणाशी बोलताना मी पाहिलं नव्हतं.

त्यानंतर ती आत जायला कधी कचरली नाही. तिचा आजार डाव्या बाजूचा, म्हणजे मागे हृदय. खोल श्वास घेऊन रोखला की फुप्फुस फुगतं आणि हृदय छातीच्या भिंतीपासून मागे सरकतं. तेवढ्याच वेळात किरण द्यायचे. पोटावर एक हलकी डबी ठेवतात, कॅमेरा तिची हालचाल बघतो, श्वास ठरल्या रेषेत असेल तरच किरण सुटतात. मावशी घरी सकाळ-संध्याकाळ सराव करायची, मनातल्या मनात वीसपर्यंत मोजत. मी शेजारी बसून आकडे ऐकल्यासारखी थांबायची. सव्वाशे वर्षं खपून माणसाच्या अंगावरून मोजण्याचं ओझं उतरवलं, आणि आता तिचाच श्वास पुन्हा त्या मोजणीत आला होता, पण या वेळी तिला माहीत होतं की ती काय करतेय, आणि श्वास सुटला तर इजा तिला नव्हती, किरणच थांबणार होते. चौथ्या आठवड्यात काखेजवळची कातडी काळवंडली, खाजू लागली. डॉक्टरांनी ती बोटांनी हळू दाबून पाहिली. अजूनही पाहतात. एवढ्या चेंबर्सनंतरही शेवटी बघायचं असतं ते हेच.

थकव्यासाठी मात्र कुठलंच यंत्र निघालेलं नाही. उपचार संपता संपता तो मावशीला फार जाणवू लागला. दुपारी भाजी निवडताना मध्येच हात थांबायचे. तपासणीला डॉक्टरांनी छापील कागद पुढे ठेवला: थकवा शून्य ते दहामध्ये किती? मावशीनं कागद वाचला, परत वाचला. “सकाळी चार असतो, डॉक्टर, आणि संध्याकाळी सात. सरासरी काढून साडेपाच लिहिलं तर ते खोटं रीडिंग होईल, साडेपाच मला कधीच नसतो. काय लिहू?” डॉक्टर तरुण होते, बाहेर रांग मोठी होती. त्यांनी पेन हातात घेतलं, क्षणभर विचार केला, आणि त्या चौकटीत दोन्ही आकडे लिहिले, पुढे वेळही लिहिली.